तरुण अधिकारी आणि टेबलावरचे खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून दोन शनिवारी ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात आम्ही काही निवृत्त लष्करी अधिकारी टेबलावर निर्णय घ्यायला शिकवणारे हे खेळ, म्हणजे मॅनेजमेंट गेम आणि वॉर गेम, मांडतो. एनसीसीचे कॅडेट येतात, लष्करी अकादमीसाठी निवड झालेली मुलंमुली येतात आणि सुट्टीवर घरी आलेले नवे लेफ्टनंटही येतात. फोनवर बहुतेक तेच प्रश्न येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र लिहीत आहे. माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे पुरवठ्यात झाली. त्यामुळे उत्तरांत बंदुकीपेक्षा ट्रक, पाणी आणि राशन जास्त येईल.

मॅनेजमेंट गेम आणि वॉर गेम, दोन्ही एकच का?

नात्यातले आहेत, पण एक नाहीत. वॉर गेममध्ये समोर शत्रू असतो. तो विचार करतो आणि तुमची चाल ओळखून आपली बदलतो. मॅनेजमेंट गेममध्ये समोर असते परिस्थिती: माणसं थोडी, गाड्या थोड्या, वेळ कमी, आणि मागणी करणारे पाचजण. तिथे तुम्हाला हरवणारा बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचा असतो, तोही तुमच्याइतकाच प्रामाणिकपणे काम करत असताना.

सिम्युलेशन हा शब्द दोन्हींना लागतो. फायरिंग सिम्युलेटर किंवा ड्रायव्हिंग सिम्युलेटर मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यावर हात बसतो. आम्ही ज्याबद्दल बोलतो आहोत त्यात निर्णय बसतो.

हे कॉर्पोरेट कंपन्यांचं खूळ सैन्यात कशाला आणता?

उलट आहे, हे सैन्याकडून कंपन्यांकडे गेलं. बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग आपल्याकडचाच, आणि त्याचं नावच सेनेच्या चार अंगांवरून आहे. पण नकाशा, प्रमाण, वेळ आणि अंपायर असलेला खेळ प्रशियात, म्हणजे जुन्या जर्मन राज्यात, तयार झाला. फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ मध्ये राजाला तो टेबलावर मांडून दाखवला. पुढे त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशा १:८००० प्रमाणाचा होता, एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं, आणि नुकसान ठरवायला फासे. हुद्दा लक्षात घ्या. लेफ्टनंटने लेफ्टनंटांसाठी केलेलं काम होतं ते.

कंपन्यांकडे ते पोहोचलं १९५० च्या दशकात. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९५५ मध्ये ‘मोनोपोलॉग्ज’ नावाचा खेळ केला. त्यात खेळाडू हवाई दलाच्या सुट्या भागांचा साठा सांभाळत असे. त्यानंतर १९५७ मध्ये अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी खेळ आणला, आणि त्यामागची प्रेरणा नौदलाच्या वॉर गेमची होती.

आपल्याकडेही परंपरा आहे. सिकंदराबादचं कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट १९७० पासून आहे. नौदलाचं युद्ध महाविद्यालय आज गोव्यात असलं तरी त्याची सुरुवात १९८८ मध्ये उरणजवळच्या करंजाला झाली आणि २०११ पर्यंत ते तिथेच होतं. पण अशा संस्थांत माणूस पोहोचतो तो बरीच वर्षं नोकरी झाल्यावर. बावीस-तेविसाव्या वर्षी पहिल्या युनिटमध्ये उतरणाऱ्याला याची जास्त गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

नव्या अधिकाऱ्याला लढायला शिकवतात. त्याला साठा आणि गाड्या कशाला?

माझ्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगतो. उंचावरच्या एका ठाण्यावर मी सेकंड लेफ्टनंट होतो. रॉकेल कमी पडेल असं वाटलं, मागणी लिहून पाठवली. आठ दिवस काही आलं नाही, म्हणून दुसरी पाठवली, पहिल्यापेक्षा मोठी. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत दोन्ही मागण्यांचं रॉकेल एकाच आठवड्यात वर आलं. बराकीबाहेर पिंपांची रांग लागली. पण तितक्या फेऱ्या रॉकेलने खाल्ल्या, आणि खेचरांचा दाणा खालीच राहिला. त्या हिवाळ्यात खेचरं अर्ध्या दाण्यावर राहिली. सकाळी त्यांच्या पाठीवर हात ठेवला की फासळ्या हाताला लागत.

आमचे सुभेदार साहेब मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साहब, दूसरी चिट्ठी से पहले पहली का पता कर लेते.”

मला नकाशा वाचता येत होता, पलटण चालवता येत होती. हुकूम दिला आणि काम झालं या दोहोंच्या मधे जो वेळ जातो, तो मात्र मला कुणी दाखवला नव्हता. तो वेळ व्याख्यानाने कळत नाही. तो अंगावर यावा लागतो. टेबलावर आला तर खेचरं उपाशी राहत नाहीत.

एखादा खेळ प्रत्यक्ष कसा चालतो?

आमचा सगळ्यात जुना खेळ पाण्याच्या जेरीकॅनचा. मूळ खेळ एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास केला. त्यात बिअरचे खोके दुकानदाराकडून कारखान्यापर्यंत मागवले जातात. आम्ही बिअरच्या जागी पाणी घेतलं.

चार टेबलं एका रांगेत: पुढची चौकी, कंपनीचं ठाणं, बेस, डेपो. प्रत्येक टेबलावर स्टीलची वाटी, वाटीत बारा राजमे. एक राजमा म्हणजे एक जेरीकॅन. बोलायचं नाही. मागणी फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून मागच्या टेबलाला द्यायची. चिठ्ठी दिल्यावर माल यायला काही पाळ्या जातात. चौकीला किती पाणी लागतंय हे फक्त चौकीच्या टेबलाला ठाऊक.

पहिल्या चार पाळ्या चौकीला चार-चार जेरीकॅन लागतात. वर्ग निवांत असतो. पाचव्या पाळीत चौकीची गरज आठ होते.

त्यानंतर जे होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गेल्या पावसाळ्यात एक लेफ्टनंट मुलगी बेसच्या टेबलावर होती, युनिटमधून पहिल्याच सुट्टीवर आलेली. सातव्या पाळीला तिची वाटी रिकामी झाली. तिने चिठ्ठीवर १४ लिहिलं, खोडलं, २० केलं. पुढच्या पाळीला काहीच आलं नाही. तिने पेन इतकं दाबून धरलं होतं की २४ चा आकडा खालच्या कागदावर उमटला. डेपोवर बसलेल्या कॅडेटकडे एका पाळीत ३२ ची चिठ्ठी गेली. तेराव्या पाळीनंतर राजमे यायला लागले ते थांबेचनात. वाटीत मावले नाहीत, टेबलावर सांडले, काही खाली घरंगळले. कॅडेट वाकून गोळा करत होते आणि ती नुसती बघत होती.

खेळ थांबवून मी चौकी सोडून बाकी तीन टेबलांना एकच काम देतो. चौकीची खरी मागणी कशी बदलली असेल, त्याचा आलेख काढा. तिघेही डोंगर काढतात, चढ आणि मग उतार. मग चौकीवाला आपला कागद दाखवतो. चार, चार, चार, चार, आणि पाचव्या पाळीपासून शेवटपर्यंत आठ, सरळ रेघ. डोंगर चौकीवर नव्हताच. तो मधल्या टेबलांनी मिळून उभा केला होता.

ती म्हणाली, “सर, मी पूर्ण वेळ मागच्या टेबलावर चिडले होते. आणि पुढचं टेबल माझ्यावर.”

औषध साधं आहे. वहीत एक रकाना वाढवायचा: मागवलेलं, पण न आलेलं. नवी चिठ्ठी लिहिण्याआधी तो रकाना वाचायचा. पुढच्या वेळी याच मुलांनी तो रकाना ठेवला की राजमे वाटीतच राहतात.

यापेक्षा जास्त खराखुरा वाटणारा खेळ आहे का?

आहे, पुराचा. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा एनडीआरएफबरोबर सैन्य आणि नौदलाची पथकंही गेली होती. त्यावर बेतलेला, पण आकडे आमचे. पनवेलला साठा, महाडला गरज, अंतर १२० किलोमीटर धरायचं. बारा ट्रक. रोज किती फेऱ्या कराल?

जवळपास सगळे ‘दोन’ लिहितात, आणि ते दोन वरच्या कार्यालयाला कळवूनही टाकतात. मग आम्ही त्यांना फळ्यावर हिशेब करायला लावतो. पावसात, खड्ड्यांत, काही ठिकाणी चाकभर पाण्यातून ताफ्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. म्हणजे जायला जवळपास पाच तास, यायला पाच. माल भरायला दीड तास, उतरवायला दीड. झाले तेरा. दुसऱ्या फेरीला सव्वीस तास होतात, आणि दिवस चोवीसचा. त्यात ड्रायव्हरच्या झोपेचा कुणी विचारच केलेला नसतो. एक मुलगा अडून बसला की ड्रायव्हर बदलू. मी विचारलं, दुसरे ड्रायव्हर आहेत कुठे? त्याने यादी बघितली. बारा ट्रक, चौदा ड्रायव्हर. तो बराच वेळ त्या यादीकडे बघत होता.

मग घाट अडतो. तीस गाड्यांचा दुसरा ताफा समोरून येणार असल्याचा निरोप येतो. दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर ठेवलं तर तो ताफा तीन किलोमीटर लांब. ताशी वीसच्या वेगाने तो एका जागेवरून पुढे सरकायला नऊ मिनिटं घेतो. घोडबंदर रोडला गायमुखजवळ रोज अडकणाऱ्या मुलांना हे गणित पटकन समजतं. तिथे नऊ मिनिटं रस्ता बंद राहिला तर मागे काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

या खेळात एक शेवटची चिठ्ठी असते. ती मी सगळ्यात उशिरा देतो: ‘महाडला पिण्याचं पाणी पोहोचलं आहे. आता लहान मुलांचं दूध, सॅनिटरी पॅड आणि डायलिसिसच्या रुग्णांना हलवायला गाडी हवी.’ बारा ट्रक पाण्याने भरून निघालेले असतात. मागणी विचारली होती का, एवढाच प्रश्न तिथे करायचा असतो.

खेळ किती वेळ चालतो?

खेळ दीड तास, चर्चाही दीड तास. चर्चेला वेळ नसेल तर आम्ही खेळ मांडत नाही. नुसता खेळ खेळून मुलं घरी गेली तर ‘मजा आली’ एवढंच घेऊन जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपली चूक हीच युक्ती समजून पाठ करतात.

चर्चेत पहिला प्रश्न कधीही ‘काय चुकलं?’ नसतो. ‘पाचव्या पाळीला तुला काय माहीत होतं?’ हा असतो. निर्णयाची पारख त्या घटकेला हातात असलेल्या माहितीवर करायची. निकाल कळल्यावर शहाणं व्हायला काही लागत नाही.

अंपायर पक्षपात करत नाही का?

करू शकतो, आणि या खेळांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. प्रशियातल्या जुन्या खेळात नियम इतके वाढले की खेळ कोष्टकांत अडकला. म्हणून १८७६ मध्ये तिथलेच सेनाधिकारी व्हेर्दी दु व्हेर्नवा यांनी कोष्टकं बाजूला ठेवून अनुभवी अंपायरच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली. खेळ वेगवान झाला, पण सगळा भार अंपायरच्या प्रामाणिकपणावर आला.

तो प्रामाणिकपणा सुटला की काय होतं, त्याचं उदाहरण जपानी नौदलाचं. मे १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेचा खेळ ‘यामातो’ या युद्धनौकेवर मांडला होता. अंपायरने जपानच्या विमानवाहू नौका बुडाल्याचा निर्णय दिला. रिअर अॅडमिरल उगाकी यांनी तो फिरवला आणि लागलेले बॉम्ब कमी धरायला लावले. जूनमध्ये खऱ्या समुद्रावर जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. खेळाने इशारा दिला होता. तो ऐकून घ्यायची जागा त्या टेबलावर ठेवली नव्हती.

आमच्याकडे वेग, वजन, अंतर, तास यांचे नियम पक्के, ते कुणासाठी वाकत नाहीत. माणसं कशी वागतील हे अंपायर ठरवतो, पण निर्णय आधी कागदावर लिहितो आणि मगच खेळाडूचं म्हणणं ऐकतो.

वरच्या हुद्द्याचा माणूस खेळात असला तर बाकीचे गप्प बसतात. त्यावर उपाय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला सैन्य माहीत आहे. माझ्या तरुणपणी एका कोर्समध्ये प्रत्येक सराव प्रशिक्षकाच्या उत्तरावर येऊन संपायचा. त्या तयार उत्तराला ‘पिंक’ म्हणत, कारण ते गुलाबी कागदावर वाटलं जायचं. आम्ही डोकं चालवायच्या ऐवजी आदल्या वर्षीचे पिंक शोधत फिरायचो. वेगळं उत्तर दिलेल्या मित्राला तिथे सगळ्यांसमोर खाली बसवलं गेलं. त्याचं उत्तर बरोबर होतं की चूक, हे आजही मला माहीत नाही, कारण ते कुणी तपासलंच नाही. म्हणून आमच्या खेळांना पिंक नाही.

याबाबतीत मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लिव्हरपूलचं आहे. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या ब्रिटनच्या मालवाहू जहाजांचा फडशा पाडत होत्या. क्षयामुळे सेवेबाहेर गेलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्याकडे एक मोठी खोली आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या काही तरुणी दिल्या गेल्या. लिनोलियमच्या फरशीवर खडूने समुद्र आखला. जहाजांची वाट पांढऱ्या खडूने, पाणबुडीची हिरव्या. शिकाऊ अधिकारी कॅनव्हासच्या पडद्याआड बसून फटीतून बघत आणि तिथून हिरवी रेघ दिसत नसे. समुद्रावर जितकं दिसलं असतं तितकंच दिसे. पाणबुड्यांविरुद्धचे ‘रास्पबेरी’सारखे डावपेच याच फरशीवर तयार झाले. युद्ध संपेपर्यंत तिथून सुमारे ५,००० अधिकारी शिकून गेले. स्वतः जुने पाणबुडीवाले असलेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले, आणि विशीतल्या जॅनेट ओकेलने त्यांना पुन्हा पुन्हा पकडलं. हॉर्टन यांनी निकाल फिरवला नाही. पडद्याआड हुद्दा दिसत नाही, हे त्या खोलीचं बळ होतं.

आम्ही चिठ्ठ्यांवर नाव लिहू देत नाही, त्यामागचं कारण तेच.

संगणकावर का खेळत नाही?

मोठ्या हुद्द्यांसाठी संगणक हवाच. दिल्लीचं सैन्याचं वॉरगेमिंग केंद्र ते काम करतं. शिकाऊ माणसाला मात्र आकडा पडद्यावर वाढताना दिसण्यापेक्षा राजमा हाताने उचलून दिलेला जास्त लक्षात राहतो. शिवाय वीज गेली तरी खेळ थांबत नाही.

खेळातला हुशार रणांगणावर हुशार ठरेलच का?

नाही. टेबलावर थंडी नसते, झोप मोडलेली नसते, जवळचा माणूस जखमी झालेला नसतो. काही मुलं परिस्थितीऐवजी नियमांना हरवायला शिकतात. पूर्वी आम्ही ‘वीस पाळ्या’ असं सांगून सुरुवात करायचो. एकोणिसाव्या पाळीला सगळे साठा संपवून टाकत, कारण एकविसावी पाळी येणार नव्हती. आता कधी थांबणार हे सांगत नाही. खऱ्या ठाण्यावर एकविसावा दिवस असतोच.

म्हणून सँड मॉडेल (जमिनीचा वाळूतला नमुना), नकाशा घेऊन प्रत्यक्ष जमिनीवरचा सराव आणि पाठीवर वजन घेऊन चालणं, यांतलं काहीही या खेळांमुळे कमी करू नये.

एसएसबीच्या मुलाखतीत याचा फायदा होतो का?

एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणारं मंडळ. फायदा होतो, पण थोडा, आडवाटेने. तिथे ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाईजमध्ये मॉडेलवर एकाच वेळी तीन-चार अडचणी दिलेल्या असतात आणि वेळ-अंतराचा हिशेब लागतो. त्याची सवय होते. पण हा कोचिंग क्लास नाही. तयारीच करायची असेल तर नाशिकरोडचं राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आपल्या इतिहासातली लढाई खेळता येईल का?

येते, आणि मुलं त्यात रमतात. फेब्रुवारी १६६१ ची उंबरखिंड आम्ही वर्षातून एकदा मांडतो. खोपोली इथून लांब नाही, म्हणून आधी एका रविवारी जागेवर जाऊन येतो. खिंडीत उभं राहिलं की मुघल सरदार कारतलबखानाची मोठी फौज तिथे संख्येने निरुपयोगी कशी झाली ते पायांना कळतं. मुलांना मी शिवाजी महाराजांच्या बाजूने खेळायला देत नाही, खानाच्या बाजूने देतो. पाणी कुठे, मागे वळायला जागा किती, पुढची तुकडी अडली हे शेवटच्या तुकडीला कधी कळेल? ही उत्तरं शोधताना महाराजांनी जागा का निवडली ते आपोआप उलगडतं.

ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, त्यावर खेळ करायची मागणी बऱ्याचदा येते. किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. जागा पाहता येत नाही, त्यामुळे अजून केलेला नाही.

माझा मुलगा सीमेवर आहे. तिथल्या परिस्थितीवर खेळ कराल का?

नाही. चालू तैनाती, युनिटचं नाव, ठिकाण, गाड्यांची खरी संख्या यांतलं काहीही वर्गात बोलायचं नाही. सुट्टीवर आलेल्या अधिकाऱ्यांना हे दारातच सांगतो. आईवडिलांनीही फोनवर असले तपशील सांगू नयेत. मोबाईल वर्गाबाहेरच्या टोपलीत.

पालकांना बसता येईल का?

हो, आणि बसलात तर एक टेबल तुम्हाला सांभाळावं लागेल. तुर्भ्याच्या बाजारात भाजीचा गाळा असलेले एक वडील डेपोच्या टेबलावर बसले होते. आठव्या पाळीला २६ ची चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी ती खिशात ठेवली आणि १० राजमे दिले. नंतर म्हणाले, “घाबरलेल्या गिऱ्हाइकाची पहिली मागणी मी कधीच पूर्ण धरत नाही.” त्या दिवशीची चर्चा त्यांनीच चालवली.

फी किती? सोबत काय आणायचं?

फी नाही. पेन्सिल, खोडरबर, आखीव वही आणि पाण्याची बाटली आणा. कॅल्क्युलेटर नको. वेळ दुपारी दोनची आहे आणि दार दोनला बंद होतं. स्टेशनवरून येणार असाल तर शनिवारची गोखले रोडवरची गर्दी धरून निघा.